शंभरातले पाच

१७ जुलै, बुधवार

मला वाटलं होतं प्रेम. निघाली कावीळ!

दहा दिवस जेवण जात नव्हतं. रसमचा वास आला की पोटात ढवळायचं. आपिसात टेबलावर डोकं टेकावंसं वाटायचं. निश्चयतांबूल होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत, माझं वय चव्वेचाळीस, अनुभव शून्य. म्हटलं, लग्न ठरल्यावर माणसाला असंच होत असेल. विचारणार कुणाला? शेजारच्या टेबलावरचा वरुणराव तर रोज म्हणायचा, "सेतुराम, पापनाशमच्या मुलीनं तुला पुरता वाळवला!" आणि मी लाजायचो. लाजायचो!

आज सकाळी अक्कानं काप्पीचा टंबलर माझ्या हातात दिला आणि लगेच काढून घेतला. "डोळे दाखव. खिडकीशी ये. वर बघ. खाली बघ." मग किंचाळली — "अय्यो सेतू, हळद!"

अक्का म्हणजे अंबुजा, माझी थोरली बहीण. बावन्न वर्षांची. भावोजी गेल्यापासून अकरा वर्षं ती हे घर चालवते. मलाही.

आरशात बघितलं. खरंच पिवळे. फार नाहीत, लिंबू पिकायला लागतं तेवढेच.

१८ जुलै

अक्कानं फक्त समोरच्या घरात सांगितलं. दुपारपर्यंत राजवाड्यामागच्या आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक! प्रत्येकाकडे औषध. ऊस. मुळा. नुसता भात. भात मुळीच नाही. वरुणराव फोनवर म्हणाला, ओरत्तनाडच्या बाजूला एक म्हातारी आहे, डोळ्यांत कसलासा रस पिळते, पिवळं पाणी वाहून जातं. मी म्हटलं, डोळेही वाहून जातील.

अक्कानं कीळानेल्लीचा, म्हणजे भुईआवळीचा, पाला वाटून ताकात कालवून आणला. हिरवा, कडू, वर फेस. पुढ्यात उभी राहिली. "नाक धर आणि गिळ." गिळला. पाच मिनिटांत सगळा परत आला. "गुण येतोय," अक्का म्हणाली.

हे सगळं बाळबोधीत लिहितो ते बरं. तमिळ मुलखात पिढ्या गेल्या तरी आमच्या घरात मराठी बोलतात सगळे, पण अक्षरं वाचणारा मी एकटा. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, छडी घेऊन शिकवली होती. तेव्हा रडलो होतो.

२० जुलै, शनिवार

काल रक्त दिलं, आज डॉक्टर भुवनांकडे रिपोर्ट. स्टेशनाजवळचा दवाखाना. बाई पस्तिशीच्या असतील, बोलणं मुद्द्याचं. अक्का सोबत. तिला बाहेर बसायला सांगितलं होतं. ती माझ्या आधी आत जाऊन बसली.

"साधी कावीळ नाही. हेपटायटिस बी. पाण्यातून, जेवणातून येते ती वेगळी. ही रक्तातून येते."

मग प्रश्न सुरू झाले. रक्त चढवलंत? नाही. दात काढलात? मार्चमध्ये. गोंदवून घेतलंत? अक्का हसली. दाढी कुठे करता? कृष्णस्वामीकडे. आणि मग डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "बायकांशी संबंध?"

अक्का माझ्याकडे बघते. मी भिंतीवरच्या यकृताच्या चित्राकडे बघतो.

"नाही."

"आजवर कधी?"

"नाही." हे इतक्या हळू म्हटलं की डॉक्टर म्हणाल्या, "काय?" आणि अक्कानं मोठ्यानं सांगितलं — "नाही म्हणतोय!" बाहेरच्या बाकावरचे चौघं जण आत बघायला लागले.

पुढचं नीट लिहून ठेवतो. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचं शरीर विषाणूला आपणहून हाकलून देतं. त्याला औषध लागत नाही. विश्रांती, हलकं जेवण, दारू नाही, आणि पाला तर मुळीच नाही. (अक्का छताकडे बघायला लागली.) उरलेल्या पाचांच्या अंगात तो मुक्काम करतो. सहा महिन्यांनी रक्त बघायचं. तेव्हाही सापडला, तर तो कायमचा राहिला असं धरायचं.

सहा महिने म्हणजे जानेवारी. लग्न दहा फेब्रुवारीला!

डॉक्टरांना लग्नाचं सांगितलं. म्हणाल्या, "छान. त्यांना आजच सांगा. त्यांचं रक्त तपासू, मग लशीच्या तीन सुया. एक आता, एक महिन्यानं, तिसरी सहा महिन्यांनी. लग्नापर्यंत आरामात होईल."

आरामात!

२१ जुलै

अक्काचा निकाल: सांगायचं नाही.

"पंचाण्णव जातात ना? मग तू पंचाण्णवात. गेल्यावर सांगायला उरतं काय? कावीळ झाली होती, बरी झाली. खोटं कुठे आहे त्यात?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या —

"डॉक्टरला लग्न करायचंय का पापनाशममध्ये?"

हिशोब मलाही पटला. शाळेत पंचेचाळीस पोरांत माझा नंबर कायम बावीस, नाहीतर चोवीस. पहिल्या पाचांत मी आयुष्यात कधी आलो नाही, शेवटच्या पाचांतही नाही. आताच कसा येईन?

२२ जुलै

अक्का दोनदा म्हणाली, "खरं सांग, कुणी होती का?" राग यायला हवा होता. छाती थोडी फुगली, हे इथे लिहायला हरकत नाही.

२६ जुलै

कृष्णस्वामी घरी आला. वीस वर्षं माझे केस कापतो, आणि माझ्या काविळीचा दोष त्याच्या वस्तऱ्यावर आलाय हे त्याच्या कानावर गेलं होतं. अक्कानं फक्त समोरच्या घरात सांगितलं होतं.

ब्लेडांचा नवा डबाच घेऊन आला. "प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड! तुमच्यासमोर फोडतो की नाही? सांगा!" फोडतो. खरंच फोडतो. मी हात जोडले. तो म्हणाला, "मग त्या दातवाल्याला विचारा." दातवाल्याला विचारायला गेलो तर म्हणतो, "सगळं उकळून घेतो आम्ही. न्हाव्याला विचारा."

डॉक्टर भुवना म्हणतात, कितीतरी जणांना कुठून आला ते कधीच कळत नाही, शोध सोडा. आता शेव्हिंगचं सामान आणि नखं कापायचं माझं वेगळं. अक्कानं टंबलर, ताट, उशी, पाट सगळंच वेगळं केलं होतं. डॉक्टरांनी फोनवर तिला समजावलं, "एका ताटात जेवलात तरी काही होत नाही." अक्का म्हणाली, "शरी, शरी," म्हणजे बरं, बरं. ताट एकत्र आलं. पाट अजून वेगळा आहे.

३० जुलै

अक्काचं रक्त तपासलं. काही नाही. म्हणून लशीची पहिली सुई. दवाखान्यात शिरेपर्यंत शूर. सुई दिसली आणि माझा दंड असा धरला की तिला टोचलं आणि वळ मला उठले.

१० ऑगस्ट, शनिवार

डोळे पांढरे! बिलिरुबिन खाली आलं. काल दोन इडल्या, आज चार. वेण्णार नदीला पाणी सुटलंय, सोमवारपासून कामावर. कालव्याच्या पाण्याची उंची लिहिण्याचं माझं काम महिनाभर वरुणराव करत होता. त्याचे आकडे बघून छाती धडधडली. एका दिवशी त्यानं मुहूर्ताची वेळ लिहिलीय.

सगळ्यांना सांगत सुटलोय — इतकी हलकी कावीळ कुणी बघितली नसेल! लोक तीन-तीन महिने अंथरुणात असतात. मी तीन आठवड्यांत उठलो. डॉक्टरांनाही सांगितलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. कौतुक करणं डॉक्टरांच्या स्वभावात नसतं.

"त्यांना सांगितलंत?"

"हो," म्हणालो.

तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

१८ ऑगस्ट, रविवार

आडीचा अशुभ महिना संपला म्हणून अक्कानं मला फळं घेऊन पापनाशमला धाडलं. आगगाडीत पाठ करत गेलो — "विनुता, एक गोष्ट सांगायची आहे." गाडी थांबेपर्यंत उत्तम जमत होतं.

विनुता मुलींच्या शाळेत पी.टी. टीचर. अडतीस वर्षांची, माझ्याहून दोन बोटं उंच. आई नाही, वडील सांबशिवराव रिटायर्ड पोस्टमास्तर. तिच्या गळ्यात शिट्टी घरातही असते, काढायची विसरते. आमच्याशी मराठी बोलते, रागावली की तमिळ. आज तमिळ बोलली नाही.

दह्यातली डांगर पच्चडी तिनं केली होती. मी तीनदा घेतली. सांबशिवराव म्हणाले, "कावीळवाला असा जेवतो? मग ती कावीळ कसली!"

तेव्हा बोलायची संधी होती. तोंडात पच्चडी होती.

निघताना विनुता फाटकापर्यंत आली. म्हणाली, "तुम्ही काहीतरी सांगणार होता." मी म्हणालो, "पच्चडी छान झाली होती."

१५ सप्टेंबर

पुन्हा गेलो. पुन्हा परत आलो.

२९ सप्टेंबर

पत्र लिहावं म्हटलं. तमिळमध्ये चार ओळी झाल्या. वाचून बघितल्या तर पाणी सोडण्याच्या नोटिशीसारख्या. "तरी संबंधितांनी नोंद घ्यावी" हेसुद्धा होतं. फाडलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तीन महिन्यांची तपासणी. विषाणू अजून आहे. यकृताची सूज दाखवणारं एस.जी.पी.टी. खाली आलंय, पण पुरतं नाही. डॉक्टर म्हणाल्या, अजून वेळ आहे, कुणाचा पाचव्या महिन्यातही जातो. मग विचारलं, "त्यांची दुसरी सुई झाली ना?"

"झाली."

आता खोटं दोन सुयांचं झालं.

बाहेर येऊन रसवंतीपुढे पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. रसवाल्यानं न मागता ग्लास हातात दिला.

२ नोव्हेंबर

दिवाळीला विनुताचा फोन. ती फार बोलत नाही, सूचना देते. "सकाळी चालता का? चाला. चाळीस मिनिटं. हात हलवून." आजपासून मोठ्या देवळाच्या भिंतीला धरून चालतो. हात हलवून. ती आज्ञा करते तेव्हा मला बरं वाटतं. अक्काच्या आज्ञांनी असं वाटत नाही, हे विचार करण्यासारखं आहे.

तिला फसवतोय. हेही त्याच भिंतीलगत चालताना रोज आठवतं.

८ डिसेंबर

लग्नपत्रिका छापून आल्या. तमिळ आणि इंग्रजी. "चि. सेतुराम" — चव्वेचाळीसाव्या वर्षी चिरंजीव! अक्कानं हळद लावायला घेतली. मी म्हटलं, अक्का, जानेवारीचा रिपोर्ट येऊ दे. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. बोट मात्र हळदीत थांबलं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

पोंगलच्या सणाचा दूधभात उतू गेला, शकुन! सगळे ओरडले, मीही ओरडलो. उद्या-परवा दवाखाना बंद. शुक्रवारी रक्त.

१८ जानेवारी, शनिवार

आहे.

सहा महिने झाले आणि तो आहे. पहिल्या पाचांत आलो.

अक्का बाहेर बसली होती, या वेळी आपणहून. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे फिरवून ठेवला आणि मी वाचेपर्यंत थांबल्या.

मी विचारलं, "माझाच का राहिला? मला तर इतकी हलकी कावीळ झाली होती."

"कदाचित म्हणूनच," त्या म्हणाल्या. "हा विषाणू स्वतः यकृताचं फारसं बिघडवत नाही. आत जाऊन राहतो. आपलं शरीर त्याला हाकलायला यकृतावरच चालून जातं आणि त्या मारामारीत माणूस पिवळा होतो. जोराचं भांडण झालं की बहुधा तो जातो. अर्धवट झालं तर राहतो. तान्ह्या बाळांचं शरीर तर भांडतच नाही, म्हणून त्यांच्यात बहुतेकांमध्ये राहतो. मोठ्यांत क्वचित. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मात्र कुणी छातीठोक सांगू शकणार नाही."

मला कुणी सांगायची गरज नाही. माझं शरीर माझ्याच वळणाचं. पाहुणा आला, गैरसोय झाली, दोन दिवस तोंड वाकडं केलं, आणि मग कशाला उगाच भांडायचं म्हणून त्याला माडीवरची खोली दिली.

आता काय? विषाणू किती आहे ते मोजायचं. पोटाची सोनोग्राफी. दर सहा महिन्यांनी तपासणी, जन्मभर. यकृत आतून कडक होऊ शकतं, क्वचित कॅन्सरही, म्हणून लक्ष ठेवायचं. गोळ्या आहेत, लागल्या तर रोज एक. कित्येकांना लागत नाहीत. "पुष्कळ जण म्हातारे होतात याच्यासोबत," म्हणाल्या. नोकरी करता येईल. लग्नही. मुलंही. "तुमच्या मिसेसच्या तर सुया झाल्याच आहेत आता."

मी खाली बघितलं.

"झाल्या नाहीत," मी म्हणालो. "मी सांगितलंच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "सर, हा विषाणू शब्दाला घाबरत नाही, सुईला घाबरतो! दहा तारखेला लग्न, आणि तुम्ही..." पुढचं तमिळ इथे उतरवत नाही.

बाहेर अक्कानं माझं तोंड बघितलं आणि रिक्षा थांबवली. रिक्षात माझा हात हातात धरून बसली. घरी आल्यावर माझा वेगळा पाट उचलून तिच्या पाटाशेजारी मांडला.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं.

अक्काला न विचारता सकाळच्या गाडीनं गेलो. घरी सांबशिवराव म्हणाले, विनुता शाळेच्या मैदानावर, खोखोची टीम घेऊन. तिथे गेलो. ऊन, धूळ, बारा मुली, आणि मधे ती, टोपी घालून. मला बघून हसली. मग तोंड बघून हसायची थांबली. शिट्टी — "पाच मिनिटं पाणी!"

मी काहीही पाठ केलं नव्हतं. एका दमात सांगितलं. नाव, रक्त, पाच जण, कायमचा.

तिनं लगेच विचारलं, "तुम्ही मरणार आहात?"

"नाही. म्हणजे सगळ्यांबरोबर. आपापल्या वेळेला."

"गोळ्या आहेत?"

"आहेत."

"मला होऊ शकतो?"

"लस घेतली तर नाही."

ती जरा सैल झाली. बाटलीतलं पाणी प्यायली. मला वाटलं, झालं! एवढंच होतं! मूर्खासारखा सहा महिने —

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"वीस जुलै."

बाटली खाली आली. बोटांवर मोजायला लागली. जुलै, ऑगस्ट... जानेवारीपर्यंत दुसऱ्या हाताची दोन बोटं लागली. आणि मग तमिळ सुरू! अर्धं मला ऐकू आलं नाही, कारण कान वाजत होते. जे ऐकलं ते असं: "सहा महिने आमच्या घरी येऊन जेवलात. तोंड काय फक्त खायला उघडता? जुलैत सांगितलं असतं तर आज माझी तिसरी सुई झाली असती! रोग झाला त्यात तुमचा काय दोष? पण गप्प राहिलात. मला काय वाटलं असतं ते तुम्हीच ठरवून टाकलंत. मला विचारलंत?"

मुली पाणी पिता पिता थांबल्या होत्या.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

"का?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

तिनं शिट्टी हातात घेतली. डोळे भरले होते, आवाज तसाच कडक. "जा आता. फोन करू नका. करायचा असेल तर मी करीन."

शिट्टी वाजली. मुली पळाल्या. मीही चार पावलं पळालो, मग लक्षात आलं की ती माझ्यासाठी नव्हती.

२० जानेवारी

सांबशिवराव आले. काप्पी घेतली नाही. पत्रिकांचा उरलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. "आजाराचं काही नाही हो सेतुराम. आजार कुणाला नसतो? पण मला पोस्टात चाळीस वर्षं झाली. पत्र उशिरा पोचलं तर कोण रागावतं ते मला ठाऊक आहे." लग्न आवणीपर्यंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत, पुढे ढकलायचं, नाहीतर मोडायचं. विनुता ठरवेल. ती कालपासून बोलत नाही, सकाळी मैदानाला एकवीस फेऱ्या मारल्या म्हणे.

तेव्हा अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदर खोचलेला. म्हटलं, आता भांडण!

पण ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मी सांगितलं त्याला गप्प राहा म्हणून. मला वीस वर्षं होती तेव्हा एक स्थळ ठरलं होतं, कुंभकोणमचं. लहानपणी मला दोनदा फिट आली होती. अण्णांनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटातली नारळ-फळं परत नेली. मग पाच वर्षं कुणी दारात आलं नाही." पदरानं तोंड पुसलं. "खरं सांगून काय होतं ते मी बघितलं होतं. न सांगून काय होतं ते बघितलं नव्हतं. रागवायचं तर मला रागवा."

हे मला माहीत नव्हतं. एका घरात जन्म गेला आणि मला माहीत नव्हतं! मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आलेली केळी परत का चाललीत म्हणून रडलो होतो, एवढंच आठवतं.

सांबशिवरावांनी खाकरल्यासारखं केलं. मग म्हणाले, "काप्पी थोडी घेतो. साखर कमी."

२१ जानेवारी

फोन नाही.

२२ जानेवारी, बुधवार

फोन! "डॉक्टरचा पत्ता." एवढंच. पाठवला. नंतर अर्धा तास विचार केला की पत्त्याखाली अजून एखादी ओळ घालायला हवी होती का. मग घातली: "फाटकाजवळ स्कूटर लावायला जागा आहे."

२३ जानेवारी, गुरुवार

शाळेतून अर्धी रजा काढून आली. मीही दवाखान्यात गेलो, बोलावलं नव्हतं तरी. बाकावर आमच्यामधे एकाची जागा रिकामी. तिथे एक आजोबा येऊन बसले. ते बरं झालं.

डॉक्टर भुवनांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुया सुरू करण्याआधी नीट रक्त बघू म्हणाल्या, एकाऐवजी तीन तपासण्या. आज पहिली सुई दिली तर तिसरी जुलैत. तोवर थांबा, किंवा लग्न करा आणि काळजी घ्या. कसली काळजी ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी पुन्हा यकृताचं चित्र बघितलं. विनुता मान हलवत ऐकत होती, सामन्याचे नियम ऐकावेत तशी.

रक्त दिलं. कापूस दाबून धरून बाहेर आली. स्कूटरपाशी थांबली.

"लग्न मोडलं तर काय कराल?"

"चालेन. चाळीस मिनिटं."

"आणि?"

"आणि वाईट वाटेल. फार. जन्मभर वाटेल. गोळी नाही त्याला."

तिनं हेल्मेट घातलं. आतून आवाज आला, "आज पहिल्यांदा न अडखळता बोललात." गेली. ठरलं काय ते बोलली नाही.

रिपोर्ट परवा.

२४ जानेवारी

वेण्णारच्या पाण्याच्या जागी आज मीच काहीतरी भलतं लिहिलं. वरुणरावनं खोडून बरोबर केलं. त्यानं!

२५ जानेवारी, शनिवार

विनुताला होऊन गेलाय!

हाच. हेपटायटिस बी. कधी, कुठून, कुणालाच ठाऊक नाही. अंगात आता विषाणू नाही, पण त्याच्याशी लढून जिंकल्याच्या दोन्ही खुणा रक्तात आहेत. एक दिवस पडली नाही, पिवळी झाली नाही, बहुधा शिट्टी वाजवत होती तेव्हा. सुई नको, आवणी नको. माझ्यापासून तिला आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं म्हणे.

हे तिनंच फोन करून सांगितलं. पलीकडे मैदानावर मुली ओरडत होत्या.

"म्हणजे माझ्यातही होता," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर मी तुला काय काय बोलले."

तुला म्हणाली.